दर्याचं पदक

खांडबाऱ्याच्या स्टेशनापलीकडे खातून पिंजारीण राहायची. गाद्या भरून तिनं एकटीनं लेकीला, फरजानाला वाढवलं. नवरा वहाब कापूस पिंजायचं सोडून मुंबईला गेला आणि समुद्राचा तळ मोजणाऱ्या बोटीवर खलाशी झाला. सदतीस साली तो बोटीवरच तापानं गेला. त्याला दर्यातच सोडलं, एवढा निरोप आला. कबर नाही, माती नाही; खातूनला ते मरण खरंच वाटेना. कुणाला तिनं मयताचा फातिहा वाचू दिला नाही.

दोन वर्षांनी मुंबईच्या समुद्रविद्या मंडळाचा माणूस आला. तळाचा नकाशा केल्याबद्दल बोटीवरच्या सगळ्यांना रुपेरी पदक मिळणार होतं. वहाबचं पदक घ्यायला तिनं यावं, असं मंडळाचं म्हणणं होतं.

मायलेकी सुरतेवरून मुंबईला गेल्या. सभागृहात टाळ्या वाजल्या, नाव पुकारलं, कुणीतरी हातात पदक ठेवलं. ते थंड होतं. खातूनला सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

बोटीवरचे शास्त्रज्ञ प्राध्यापक गद्रे तिला भेटायला आले. तिनं पदराआडून विचारलं, "साहेब, माले इतलंच सांगा. तो कोठे शे?"

"फार दूर, बाई. तिथे तळाला उजेडसुद्धा पोचत नाही."

"मंग तठे काय शे?"

गद्रे हळू बोलले, "तिथे वरून सतत पांढरं काहीतरी पडत असतं. बारीक जिवांचे शिंपले, धुळीपेक्षा बारीक. रात्रंदिवस, आवाज न करता. तळावर त्याचा मऊ थर साठतो."

खातूननं डोळे मिटले. पिंजणीच्या तारेखाली उडणारा कापूस तिला दिसला. खोलीभर तरंगणारा, भुवयांवर बसणारा. त्यात वहाब निवांत पडलेला. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"माले एक डाव तठे लई जा," ती म्हणाली.

तिथवर जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या सकाळी गद्र्यांनी एका मचव्यात मायलेकींना बंदराबाहेर नेलं. धुकं होतं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. तांडेलानं शीड उतरवलं. खातूननं दुआसाठी ओंजळ पसरली आणि पहिल्यांदाच वहाबसाठी फातिहा वाचला. फरजानाही शेजारी पुटपुटली. मग खातूननं पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

परतताना तिनं विचारलं, "शेवटला काय बोलना तो?"

गद्र्यांनी मान खाली घातली. "मला माहीत नाही. मी तेव्हा झोपलो होतो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही बी थकेल व्हतात."

गावी आल्यावर तिनं वहाबच्या नावानं गोड भात शिजवला, मोहल्ल्यात वाटला. पदक फरजानानं गळ्यात घातलं. शेजारची गुलाबबाई भाताचं ताट घेऊन उंबऱ्यातच बसली.

"काय वो खातून, दर्या कसा शे?"

खातूननं कोपऱ्यातल्या पिंजलेल्या कापसात हात घातला. मग म्हणाली, "भलता मऊ शे."