बेलच्या दिव्याचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे. लाकडी नव्हे हं! दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तक्रारींचे कप्पे असतात, त्यांतला मी. नळ, पंखे, दिवे, बेल हे आमच्यातले सामाईक. कोणत्याही गिऱ्हाइकाची तक्रार त्यांत जाते. मी मात्र एकाच गिऱ्हाइकाचा. माझं नाव ‘बेलचा दिवा’.

माझं गिऱ्हाईक म्हणजे कर्णबधिर मुलांचं वसतिगृह. तिथे बेल ऐकू कुणाला येणार? म्हणून प्रत्येक खोलीत लाल दिवा आहे. जेवणाच्या वेळी तो एकदा लुकलुकतो, आग लागली तर लुकलुकतच राहतो. फोन घेणाऱ्या ताईंनी हे ऐकलं आणि लगेच मला तयार केलं. माझ्यात तक्रार पडली की वायरमन हातातलं काम टाकून धावायचा. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे ताई निवृत्त झाल्या. नवे साहेब आले, त्यांना आवराआवरीची भारी हौस. “दिव्यांचा कप्पा असताना हा वेगळा कशाला? एवढे कुणाचे लाड?” म्हणाले आणि मला बंद करून टाकलं. जुन्या तक्रारी पोटात आहेत म्हणून पुसलं तेवढं नाही. तेव्हापासून मी नुसता बघत असतो.

परवा वसतिगृहाच्या मावशींचा फोन आला. सगळे लाल दिवे बंद पडले होते. तक्रार गेली सामाईक ‘दिवे’मध्ये, दुकानाची पाटी आणि जिन्यातले बल्ब यांच्या मागे. आज मावशींनी पुन्हा फोन केला. साहेबांनीच उचलला.

“अहो, दिवाच आहे ना? नंबर लागला की येईल माणूस.”

“दिवा नाही हो, आमची बेल आहे ती!”

“मग बेलच्या कप्प्यात टाकू का?”

“वाजणारी नव्हे हो!” मावशी रडकुंडीला आल्या. “पोरांच्या खाटा दोरीनं एकमेकींना बांधून ठेवल्यात मी. काही झालं तर दोरी ओढायची, म्हणजे सगळी जागी होतील. पण माझाच डोळा लागला तर?”

“बरं बरं, लिहून ठेवतो,” म्हणत साहेबांनी फोन ठेवला. तक्रार जागची हलली नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंड कुठून आणू?

मित्रांनो, आवरा, जरूर आवरा. फक्त कुणासाठी वेगळं ठेवलेलं काही मोडण्याआधी, ते वेगळं का ठेवलं होतं, एवढं विचारा. मला पुन्हा उघडायला एक बोट पुरे आहे, पण ते मला नाही. तिकडे मावशी अजून दोरीचं टोक धरून बसल्या आहेत.