वेबसाइटची वामकुक्षी

काटेवाल्यांनी आपली वेबसाइट स्वतःच्याच घरात, चपलांच्या कपाटावर ठेवली होती. जगातले शहाणे लोक त्यासाठी एखाद्या कंपनीकडे भाड्याने जागा घेतात. पण यांचं म्हणणं, "माझा माल परक्याच्या घरी कशाला?" लेकीने, म्हणजे ठकीने, घरचे फोटो साठवायला एक काळा डबा आणून दिला होता. आत डिस्क, मागे इंटरनेटची वायर. त्याच डब्यावर त्यांनी आपल्या दुकानातल्या जुन्या वजनकाट्यांची वेबसाइट थाटली. कुणी ती उघडली की डब्यावरचा निळा दिवा लुकलुकायचा.

ठकीने तेव्हाच बजावलं होतं, की हे घरून चालवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. त्यावरून बापलेकीची जुंपली. शब्दाने शब्द वाढला आणि नोकरीसाठी दूर निघालेल्या पोरीला बाप म्हणाला, "तुझ्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही." ती गेली. तिने फोन केला नाही आणि यांनीही केला नाही. दोघंही हट्टाला पेटलेली, खाण तशी माती.

घरात उरली काटेवाल्यांची थोरली बहीण, आक्का. वेबसाइट घरात, म्हणजे ती बघायला येणारेही घरातच येतात, हे तिने एकदा ठरवलं ते ठरवलं. दिवा लुकलुकला की ती पदर सावरायची. डब्यासमोर ओले कपडे वाळत घालायला बंदी झाली. दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. एकदा तर डब्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवलेला पाहून काटेवाल्यांचा जीव टांगणीला लागला.

"आक्का, ते लोक आपापल्या घरीच असतात गं!"

"मग दिवा कशाला लागतो? मला नको शिकवूस."

पुढे तिने वेबसाइटवर पाटीही लिहून घेतली: 'दुपारी घरातली माणसं आडवी होतात. आवाज न करता बघावे.' काटेवाल्यांनी ती मुकाट्याने टाकली. आक्कापुढे त्यांची कधीच डाळ शिजली नव्हती.

पण एक पाहुणा पाटीला जुमानत नव्हता. रोज जेवणं उरकली की दिवा लुकलुकायचा, आणि 'बाहुलीचा काटा' या एकाच पानाखालचा भेटींचा आकडा एकाने वाढायचा. तो इवलासा पितळी काटा काटेवाल्यांनी ठकीला लहानपणी करून दिला होता. जगात तो दुसऱ्या कुणाच्या काय कामाचा? काटेवाले कुणाला काही बोलले नाहीत, पण दुपारी दुकान बंद करून घरी येऊ लागले, खुर्ची ओढून दिव्यासमोर बसू लागले. दिवा लागला की त्यांचं जेवण अंगी लागायचं. आक्काची मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

"कोण हा घुम्या? रोज येतो, बघतो, चालता होतो. 'कशा आहात' म्हणायची रीत नाही?"

एके दिवशी काटेवाले दुकानात अडकले. आक्काने डाव साधला. घुम्याला अद्दल घडवायची म्हणून तिने सरळ डब्याचा प्लग काढला आणि पदर डोक्यावर घेऊन आडवी झाली.

काटेवाले धापा टाकत घरी आले ते डबा थंडगार. "आक्का, काय केलंस हे!" त्यांचा आवाज फाटला. आता ती येऊन गेली असेल, दार बंद बघून पुन्हा कधीच यायची नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. प्लग उचलून ते भिंतीकडे वळतात तोच खिशातला फोन वाजला.

"बाबा?" पलीकडून रडवेला आवाज. "साइट बंद का आहे? तुम्ही बरे आहात ना? आत्या बरी आहे ना?"

आक्काने कान लावून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं मेले, तू होतीस होय ती! मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

"आम्ही बरे आहोत," काटेवाले कसेबसे म्हणाले.

"मग डबा? प्लग नीट लावलाय का, आधी बघा."

काटेवाल्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी गुंजभर खोटं तोललं नव्हतं.

"लावलाय गं. काही केल्या चालत नाही," ते म्हणाले. "तुझ्यावाचून अडलंय. तुलाच यावं लागेल."

"मेलाय तो डबा!" आक्का फोनमध्ये ओरडली, आणि दिसू नये म्हणून तिने वायर चपलांच्या मागे सारली.