दोन मुठी हळद

अंगठ्याच्या नखात हळद होती. पहाटे साबणाने दोनदा घासूनही कडेला पिवळी रेघ राहिलीच होती, आणि मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेली रुद्राणी ती रेघ दुसऱ्या नखाने कोरत होती. किराणा दुकानदाराच्या बायकोच्या नखात हळद नसेल तर काय असेल, कुणाला कशाला संशय येईल... हे तिला कळत होतं, तरी हात पुन्हापुन्हा पदराखाली जात होता.

पुढे तिचा नवरा अमरनाथ गाडी चालवत होता. शेजारी आसाराम मिस्त्री. त्यानेच चार दिवसांपूर्वी या सेकंडहँड मोटारीला नवा रेडिएटर बसवला होता, आणि पहिली लांबची खेप आपल्या डोळ्यांदेखत व्हावी म्हणून आपणहून बरोबर आला होता. केज ते बीड. साडेअकराला साबण कंपनीचे साहेब भेटणार होते, एजन्सीचं ठरणार होतं. गावात केबल आली होती, जो तो जाहिरातीतला साबण नाव घेऊन मागत होता, आणि अशा कामाला एसटीने धूळ खात जाणं अमरनाथला शोभणार नव्हतं. रुद्राणीला बीडमध्ये तिच्या आईकडे सोडायचं होतं. एवढंच. नेकनूरपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग आसाराम, काहीतरी बोलायचं म्हणून, सहज म्हणाला, "शेट, पहिले दोन-चार दिस गाडीखाली पानी दिसलं तर घाबरू नका. काठोकाठ भरलंय ना... तापल्यावर जास्तीचं नळीतून टाकून देतंय. गळती न्हाई ती. आपसूक थांबतंय."

अमरनाथने नुसती मान हलवली. मागे रुद्राणीचं नख कोरणं मात्र थांबलं.

गळती न्हाई ती. म्हणजे पहाटे सडा घालताना मोटारीखाली दिसलेला तो भाकरीएवढा ओला डाग... नुसतं सांडलेलं पाणी! आणि मी बादली तिथेच ठेवून दुकानात गेले, पोत्यातून हळद घेतली, बॉनेट उचललं, गार टोपण फिरवलं... कुणालाही न उठवता, कुणालाही न विचारता. विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं. तुला काय कळतं मोटारीतलं? सोळा वर्षं हेच एक वाक्य. आणि कळतं हो मला! शिवशंकरअप्पांची मुलगी आहे मी, बीडच्या कचेरीची जीप वीस वर्षं चालवली अप्पांनी, रेडिएटर गळायला लागला की चिमूटभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हे मला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होतं. चिमूटभर. मी दोन मुठी टाकल्या. पोतं हाताशी होतं म्हणून? की एकदा तरी आपल्या हातून काम पक्कं व्हावं म्हणून? टोपण लावताना केवढं बरं वाटलं होतं! कितीतरी वर्षांनी हात आपले वाटले होते.

दोघांच्या खांद्यांमधल्या फटीतून तिला इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा दिसत होता. रस्ता कुठं पळून जात न्हाई, पोरी, काटा पळतो, त्याच्यावर नजर ठेव... असं अप्पा म्हणायचे. काटा मधोमध होता. मग मधोमध नव्हता. ती बघत राहिली. बोलली नाही. काटा तांबड्यात शिरेपर्यंत तिला बोलायला निदान पाच मैल मिळाले होते, हे तिने नंतर मनाशी मोजलं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर बॉनेटच्या फटींतून वाफ आली आणि अमरनाथने शिवी हासडत गाडी एका ढाब्यासमोर उभी केली. घड्याळ पाहिलं, आसारामकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली, आणि साहेबांना फोन करायला तो तरातरा एसटीडीच्या खोक्याकडे गेला.

आसारामने इंजिन जरा निवायची वाट पाहिली. मग ओलं पोतं टोपणावर टाकून हळूहळू फिरवलं, आणि आतलं पाणी फुसफुसत बाहेर आलं. वास आला. वरण उकळावं तसा. मोटारीतून, भर रस्त्यात, वरणाचा वास! एरवी ती हसून लोटपोट झाली असती. आसाराम दोन बोटांनी पाणी चोळून बघत होता. मग तो तिच्या खिडकीशी आला, आणि आवाज उतरवून म्हणाला,

"वैनी, शेटनी ह्यात हळद टाकलती का वो?"

"मला काय म्हाईत?"

इतक्या झटकन! विचार करायलासुद्धा ती थांबली नव्हती.

"तसं न्हाई," तोच ओशाळला. "जुन्याला चालतंय ते. नव्याच्या नळ्या बारीक असत्यात, हळद फुगून बसली की पानी फिरतच न्हाई. पर शेटला तोंडावर कसं म्हनावं, तुमीच घोळ केला म्हनून..."

तो ढाब्यावरून बादल्या आणू लागला. खालची तोटी सोडून त्याने पाणी काढलं. इंजिनातल्या जुन्या मळीत मिसळून ते तांबूस झालं होतं, आणि ते रस्त्यावर पसरत असतानाच अमरनाथ परत आला. साहेब थांबायला तयार नव्हते. तपकीर ओढून ओढून अमरनाथचं नाक कधीच मेलेलं, त्यामुळे त्याला वास आला नाही. त्याला फक्त रंग दिसला.

"गंज हाय ह्यो! नव्या रेडिएटरात गंज कुठून आला बे? जुनंच डबडं रंगवून बसवलंस व्हय?"

"न्हाई शेट, गंज न्हाई त्यो."

"मग कावून तापली? काय हाय मग ह्ये?"

आसाराम वाकून तोटी आवळू लागला. ढाब्यावर चहा पीत बसलेला सुग्रीव, केजच्या स्टँडवरून प्रवासी भरून वडाप जीप चालवणारा, बशी हातात घेऊनच उठून आला. "काय झालं, शेट?"

"ये, तूच बघ. ह्याच्याकडं गाड्या टाकता ना तुमी? बघ ह्याचं नवं सामान."

सुग्रीव वाकून बघू लागला. संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या प्रत्येक जीपवाल्याला हे कळणार होतं. बीडच्या गॅरेजमधली नोकरी सोडून आसारामने पत्र्याची शेड टाकली त्याला सहाच महिने झाले होते, आणि ती शेड चालत होती ती याच जीपवाल्यांवर. एकदा मिस्त्री जुनं सामान रंगवून बसवतो असं झालं, की संपलं. हे ती जाणत होती. आसारामही जाणत होता. त्याने मान वर केली आणि शेटकडे न बघता तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. तुम्ही तरी घरातल्या घरात शेटला समजावाल, अशा काहीतरी वेड्या आशेने.

बोल. अहो, ती हळद मी टाकली. पाच शब्द. यात अवघड काय आहे? हे ओरडतील, महिनाभर टोमणे मारतील, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतील... मारणार तर नाहीत. मग मी कशाला घाबरते?

आणि तेव्हा, कुठून कोण जाणे, बिभीषण आठवला. कचेरीतला रोजंदारीवरचा शिपाई. जीप धुवायचा, पाणी भरायचा, तिला खिशातून चिंचा काढून द्यायचा. अप्पांच्या हळदीची गोष्ट रुद्राणी प्रत्येक लग्नात सांगायची – भर उन्हात जीप गळायला लागली, अप्पांनी चिमूट टाकली, साहेबांनी पाठ थोपटली – आणि लोक हसायचे. पण ती पहिली खेप. दुसऱ्या खेपेला अप्पांनी अशीच हळद टाकली, आणि पाली गावाजवळ जीप उकळली, साहेब उन्हात तिष्ठत राहिले, आणि अप्पा म्हणाले, "बिभीषणनं घान पानी भरलं, साहेब." ती तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी म्हणून मागे बसली होती. डब्यातून हळद काढताना तिने अप्पांना पाहिलं होतं. अप्पांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून बिभीषण नव्हता. त्या रात्री अप्पांनी जिलबी आणली होती. तिने खाल्ली होती. मागून घेऊन खाल्ली होती.

गोष्टीचा हा भाग इतकी वर्षं कुठे होता? ती विसरली नव्हती. तो बाजूला ठेवायचा असतो, एवढं तिला नवव्या वर्षीच समजलं होतं, कुणी न शिकवता.

बाहेर अमरनाथचा आवाज चढत होता, आणि सुग्रीव "बरोबर हाय शेट, बरोबर हाय" म्हणत होता. आसाराम रिकामी बादली धरून उभा होता. तिला अप्पांचा राग आला, जन्मात पहिल्यांदा, मेलेल्या माणसाचा, आणि तो आला तसा विरून गेला, कारण अप्पांना निदान नोकरी जाण्याची भीती होती. तिला कसली होती? तोंड उघडायचं की नाही हे तिचं अजून ठरलं नव्हतं. पण हे तिला आता स्वच्छ दिसत होतं, की अमरनाथची तिला कधी फारशी भीती वाटलीच नव्हती. गप्प बसणं तिला सोपं जात होतं, इतकंच. फार सोपं जात होतं.