कोलेटने वर केलेला हात

माझी बहीण ओडील हिच्या घरात त्या वर्षी ऑक्टोबरभर टीव्ही बंद होता. लावला की अर्ध्या तासाने तिचा नवरा नॉर्मंडच त्यावर दिसायचा.

आमच्या भागातून वॉशिंग्टनला पाठवायच्या खासदाराची निवडणूक होती. उभे दोघेच. एक डेल हॅन्सकम, बारा वर्षं खासदार असलेला, खालच्या किनाऱ्याकडचा. दुसरी कोलेट मिशो, आमच्याच नदीकाठची, तीस वर्षं नर्सची नोकरी करून मग आमच्या हॉस्पिटलच्या कारभारी मंडळावर गेलेली. ओडील आणि ती शाळेत एका बाकावर बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने हॉस्पिटलचा बाळंतपणाचा विभाग बंद केला. नऊ जणांत पाच विरुद्ध चार. त्या पाचांत कोलेट होती; कोणी हात वर केला ते गावच्या साप्ताहिकात छापून आलं होतं. चार महिन्यांनी, डिसेंबरात, ओडीलच्या मुलीला, रेनेला, कळा सुरू झाल्या. आता बाळंतपण करणारं हॉस्पिटल शंभर मैलांवर. अर्ध्या वाटेत, जिथे दोन्ही बाजूंना नुसतं जंगल आहे, तिथे रक्त जायला लागलं. बाळ वाचलं, मुलगी झाली. रेने अँब्युलन्समध्येच गेली.

नॉर्मंड हॅन्सकमचा माणूस होता आणि त्याला कारण होतं. सैन्यात असताना वाळवंटात जळत्या कचऱ्याच्या धुरात राहून त्याची फुफ्फुसं गेली. माजी सैनिकांच्या कचेरीने चार वर्षं त्याचे कागद परत पाठवले. शेवटी हॅन्सकमच्या ऑफिसला फोन केला, आणि तीन आठवड्यांत काम झालं. प्राणवायूचं मशीन घरी आलं. हॅन्सकमने स्वतः फोन करून उशीर झाल्याबद्दल माफी मागितली होती.

सप्टेंबरात त्याची माणसं प्रचाराच्या जाहिरातीसाठी कॅमेरा घेऊन आली.

"मॅडम, तुम्हीही शेजारी बसलात तर बरं दिसेल," त्यांच्यातली पोरगी म्हणाली.

"बरं दिसून काय करायचंय," ओडील म्हणाली, आणि बाहेर जाऊन आपली शाळेची बस झाडत बसली. बस ती चालवते, एकोणीस वर्षं झाली.

नॉर्मंड दोनच वाक्यं बोलला. "माझी मुलगी रस्त्यात मेली. तो विभाग बंद करायला कोलेट मिशोने हात वर केला." त्यापुढे दुसऱ्याच कोणाच्या तरी भारदस्त आवाजात, "कोलेट मिशो. आपल्या लेकींची नाही," असं त्यांनी नंतर जोडलं. जाहिरात लागली त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

"खोटं काय बोललो मी?" नॉर्मंडने विचारलं.

"खोटं नाही. अर्धं बोललास. गावोगावच्या हॉस्पिटलांचा पैसा वॉशिंग्टनला कापला, तेव्हा तुझ्या डेलने कुणीकडे मत दिलं होतं?"

"त्याच्यामुळे मी श्वास घेतोय, ओडील."

तिने जाऊन टीव्ही बंद केला.

हॅन्सकम चर्चच्या हॉलमध्ये कोंबडीच्या रश्श्याच्या जेवणाला आला, तेव्हा ती मुद्दाम गेली. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. म्हणाला, "तुमच्या मुलीसाठी मी रोज प्रार्थना करतो."

"ते मत देताना आमचं हॉस्पिटल आठवलं होतं का तुम्हाला?"

"फार गुंतागुंतीचा कायदा होता तो. त्यात चांगलंही पुष्कळ होतं." हात त्याने सोडले नव्हते. "आणि दोष द्यायचाच तर ज्यांनी दार बंद केलं त्यांना द्या." मग तो पुढच्या माणसाकडे वळला.

"हात उबदार होते गं त्याचे," ती मला नंतर म्हणाली. "त्याचाच राग आला."

मतदानाच्या आधीच्या रविवारी दुपारी कोलेट आली. एकटीच, प्रचाराचा बिल्लाही न लावता. मी टेबलाशी बटाटे सोलत होते. नॉर्मंड मशीन ओढत आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

"जाहिरातीबद्दल नाही आले मी," कोलेट उभ्यानेच म्हणाली.

"मग?"

"दोन वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. धीर झाला नाही. आता आले तर मतासाठी आले म्हणशील. थोडं तेही आहेच."

ओडीलने पायाने खुर्ची पुढे सरकवली. कोलेट बसली.

"हात का वर केलास?"

"वर्षाला साठ बाळंतपणं. रात्रपाळीला नर्स मिळेना. हा विभाग ठेवला तर सहा महिन्यांत सगळंच हॉस्पिटल बंद पडेल असं कागद सांगत होते. मी कागदांवर विश्वास ठेवला."

"हॅन्सकमने पैसा कापला म्हणून, असं म्हण की. सभेत म्हणतेस ना."

"सभेत म्हणते. इथे नाही म्हणणार. हात माझा होता."

"कोणीतरी मरेल असं वाटलं होतं तुला?"

कोलेट टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "हो," ती म्हणाली. "कोण, ते माहीत नव्हतं."

आतल्या खोलीतल्या मशीनचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"आता जा," ओडील म्हणाली.

कोलेट गेली. ओडीलने ती बसलेली खुर्ची पुन्हा टेबलाखाली ढकलली, आणि माझ्यासमोरचे बटाटे घेऊन, सोललेलेच पुन्हा सोलायला लागली.

मंगळवारी गारठ्याचा पाऊस होता. मतदान गावच्या अग्निशामक बंबांच्या शेडमध्ये. नवराबायको एकाच गाडीतून गेले. नॉर्मंड दोन मिनिटांत बाहेर आला. ओडील पडद्यामागे इतका वेळ होती की नोंद करणाऱ्या बाईने, "बरं आहे ना गं?" असं विचारलं.

रात्री जेवण होईपर्यंत निकाल कळला. हॅन्सकम सहज निवडून आला. आमच्या गावात कोलेटला सत्त्याण्णव मतं पडली, त्याला तिच्या दुपटीहून जास्त.

"कोणाला दिलंस?" नॉर्मंडने विचारलं.

"कोलेटला."

"तिनं आपली पोर मारली."

"हो. आणि ते कबूल करायला तेवढी एकटीच आली."

तीन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. स्वयंपाकघरातल्या आरामखुर्चीतच झोपायचा.

कोलेटशी गावात कोणी नीट बोलेना. दुकानात ती आली की बायका दुसऱ्या रांगेत जायच्या. नाताळच्या आत तिने घर विकलं आणि खालच्या शहरातल्या एका हॉस्पिटलात पुन्हा नर्स म्हणून लागली. जाताना ओडीलकडे आली नाही. ओडीलही गेली नाही.

जानेवारीत नॉर्मंडचं मशीन बंद पडलं. ओडीलने स्वतः हॅन्सकमच्या ऑफिसला फोन लावला. फोनवरची मुलगी फार गोड बोलली, नॉर्मंडला रात्री झोप लागते का तेही तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी नवं मशीन दारात. "आभार मानले," ओडील मला म्हणाली. "मनापासून मानावे लागले."

मार्चमध्ये हॉस्पिटलने तातडीच्या उपचारांची खोलीही संध्याकाळनंतर बंद ठेवायचं ठरवलं. त्या आठवड्यात ओडीलचा जावई, रेनेचा नवरा, आला. मुलीला घेऊन तो किनाऱ्याकडे चालला होता, बोटी बांधण्याच्या कारखान्यात काम मिळालं होतं.

"इथे हिला काही झालं तर मी पुन्हा त्याच रस्त्याने जाणार नाही," तो म्हणाला.

कोणी त्याला थांब म्हटलं नाही. नॉर्मंडने दम खात खात लहान सीटचा पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. पोरगी खिडकीतून हात हलवत होती, की काचेवर मारत होती, ते नीट दिसलं नाही.

गाडी गेल्यावर तो म्हणाला, "कोलेटला मत देऊन तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही."

"मी तरी कुठे म्हणतेय?" ओडील म्हणाली, आणि तो पडू नये म्हणून त्याचा दंड धरून त्याला बर्फावरून आत घेऊन गेली.