स्क्रीनवरच्या तीन टिकल्या

लाल. पिवळी. हिरवी.

हैदराबादकडे जाणारा ट्रक. दुकानाची काच थरथरते.

घराच्या आढ्याला खोचलेला ऊसतोडीचा कोयता.

"याडी, यंदा मी शाळेतच राहीन ना?" अंजू, सकाळी, आईला.

रानडुकरांनी लोळवलेली तूर.

पांढरकवड्यातलं टायपिंगचं दुकान. अंजूची आई ममता इथे मराठी झरझर टाइप करते. बटणांवरचं इंग्रजी मात्र तिला वाचता येत नाही. म्हणून तिनं स्क्रीनच्या काचेवर टिकल्या चिकटवल्यात. लालपाशी सेव्ह. पिवळीपाशी, चुकलं तर मागे जायचं बटण. हिरवीपाशी प्रिंट. ती टिकली बघते, चित्र नाही.

आज टिकल्या जागेवरच आहेत. मागचं हललंय. बारीक बटणांच्या रांगा गेल्या, तिथे एक रुंद पट्टी आलीय. मालक देवीलालचा भाचा इंद्रजित सकाळी कॉम्प्युटर बघून गेला, तेव्हापासून.

मागच्या आठवड्यात टाइप केलेला एक कागद तिच्या हातून स्क्रीनवरून उडाला होता. देवीलाल म्हणाला होता, "आणखी एक गेला, तर उद्यापासून येऊ नको." काम गेलं तर कोयता खाली निघणार, ऊसतोडीला जायचं. शाळा सोडून अंजूही बरोबर.

लाल.

बाकावर बसलेल्या किसनरावांची तूर डुकरांनी लोळवली; भरपाईसाठी वनखात्याच्या साहेबाला द्यायचा त्यांचा अर्ज टाइप झाला. अक्षर मोठं करायला तिनं सगळा मजकूर निवडला. पण आधी सेव्ह. तिनं लाल टिकलीपाशी दाबलं.

पान पांढरं.

पिवळी.

दाबलं. एक चौकोन काळपट झाला. पान पांढरंच. पुन्हा दाबलं.

"झालं का वं पोरी?" बाकावरून किसनराव. "साहेब निघून जाईन. डुकरं का माह्यासाठी थांबून राह्यले?"

"होऊन राह्यलं, काका."

"तुह्या कपाळाले एक टिकली, अन् या मशीनच्या तोंडाले तीन! सासरी धाडतं का इले?"

तिला हसता आलं नाही. बाहेर देवीलालची मोटरसायकल थांबली.

तिनं नखानं लाल टिकली खरवडली. मागे कात्रीचं चित्र.

म्हणजे कापलं. कापलेलं कुठंतरी पडलं असेल. कात्रीला लागून एक पाटी, पाटीला चिकटलेला कागद. चिकटवायचं असेल का? आणि दाबल्यावर जे काही उरलंय तेही गेलं तर?

स्टँड लावल्याचा आवाज. चपला.

डोळे मिटून पाटीवर दाबलं.

उघडले, तर डुकरं, तूर, किसनरावांचं नाव, सगळं जागेवर.

हिरवी.

"काढ प्रिंट," देवीलाल मागे उभा राहून म्हणाला.

तिचा हात हिरवीकडे गेलाच नाही. लाल टिकली अजून नखाला चिकटलेली.

"भाऊ, मले हे नवं समजत नाही. मघा अर्ज गेलता. आला वापस, पण गेलता. जुनं लावून द्या."

किसनराव बाकावरून उठले. देवीलालनं वाकून दोन कळा दाबल्या, निघालेला कागद त्यांच्या हातात दिला. ते गेले. मग तो ममताकडे वळला.

"तुले समजत नाही, तं इंद्रजितनं काहून बदललं?"

त्यानं फोन लावला. "काहून रे इंद्रजित, बाईले न विचारता कायले बदललं?"

तिकडून इंद्रजित बोलत राहिला. देवीलाल ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याची नजर ममतावर येऊन थांबली.

सकाळी इंद्रजितनं जुन्या रांगा आणि नवी पट्टी, दोन्ही स्क्रीनवर दाखवून विचारलं होतं, "भाभी, जुनं ठेवू का नवं?" टिकल्या दोन्हीत जागेवरच दिसल्या; ममता म्हणाली होती, "नवं."