क्लेमांसची पाठवणी

ओडीलने टोपी काढून क्लेमांसच्या बरगड्यांना कान लावला. आत कुणी ओल्या गोणपाटावरून जड पेटी ओढावी तसा आवाज येत होता. एरवी ही गाय माणूस जवळ आलं की आधी त्याच्या खिशात तोंड घालायची. आज तिने मानसुद्धा वळवली नाही.

"सकाळी लसूण दिलाय," रोझेर म्हणाला. "दुपारपर्यंत वाट बघू."

"कालही दुपारपर्यंतच बघणार होतो आपण."

दावणीजवळचं ओलं तणस रोझेरने पायाने बाजूला सारलं आणि कोरडं पसरलं. ते त्याने सकाळपासून तिसऱ्यांदा केलं होतं.

डॉक्टर इंग्रिड आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. बर्फ वितळायला लागलं की टेकडीवरच्या या रस्त्याची खीर होते. गाडी खालीच सोडून ती चालत वर आली होती. वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिने ताप बघितला, नळी लावून छाती ऐकली, आणि नळी गळ्यात अडकवता अडकवता म्हणाली,

"न्यूमोनिया आहे. अँटिबायोटिकची सुई आजच द्यायला हवी. उद्या मला बोलावू नका, उपयोग होणार नाही."

"आमचं सेंद्रियचं आहे, डॉक्टर," ओडील म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पण तुमचा नियमही तेच सांगतो ना? सेंद्रियच्या नावाखाली गाय मरू द्यायची नाही."

"हो," रोझेर म्हणाला. "आणि सुई दिली की ती आपली राहू द्यायची नाही."

नियम तसाच होता. एकदा ते औषध अंगात गेलं की त्या गाईचं दूध सेंद्रियच्या टाकीत जायचं नाही. या वर्षी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही.

रोझेरने क्लेमांसच्या गळ्याखालच्या सैल कातडीवरून हात फिरवला. मग तिचं डोकं काखेत घट्ट धरलं आणि आपलं तोंड दुसरीकडे वळवलं.

"द्या."

व्हरमाँटच्या त्या खोऱ्यात रासायनिक खत आणि फवारे सोडून देणारा रोझेर लावाले हा पहिला. तेव्हा खालच्या मोठ्या गोठ्याचा मालक, म्हातारा स्टॅनर्ड, भर दुकानात विचारायचा, "काय रे, तुझ्या गाई आता हवा खाऊन दूध देतात म्हणे?" रोझेर म्हणायचा, "हवा आमची, खताचं बिल तुझं." आणि खरंच, पुढची कितीतरी वर्षं सेंद्रिय दुधाला असा भाव होता की गोठ्यावर नवं छप्पर आलं, मुलगी बोस्टनला जाऊन शिकली आणि तिकडेच राहिली. मग पश्चिमेकडे हजारो गाईंचे सेंद्रिय कारखाने उभे राहिले. दुकानात त्यांच्या आणि यांच्या दुधाची बाटली एकच दिसायची. भाव जागचा हलेना आणि गाईंना घालायचा सेंद्रिय भरडा मात्र दर हंगामात महाग होत गेला. या हिवाळ्यात दूध कंपनीचा माणूस आला, स्वयंपाकघरात बसून ओडीलच्या हातचा ॲपल-पाय दोनदा मागून खाल्ला आणि निघताना म्हणाला, एवढ्याशा दुधासाठी गाडी टेकडी चढवणं कंपनीला जड जातंय. टाकी जरा भरलेली दिसू द्या.

टाकी भरायची ती क्लेमांसमुळे.

आठवडाभरात ती उठून उभी राहिली, खाऊ लागली. तिची धार ओडील वेगळ्या बादलीत काढायची आणि गोठ्यामागच्या शेणखड्ड्यात नेऊन ओतायची. पांढरं दूध काळ्या शेणावर पसरताना ती बघत थांबत नसे.

मग एका रविवारी रोझेरने ट्रेलर जोडला. म्हातारा स्टॅनर्ड जाऊन बरीच वर्षं झाली होती; आता त्याचा मुलगा केंडल गोठा सांभाळायचा. शेकडो गाई, साधं दूध. त्याला सुईचं वावडं नव्हतं; क्लेमांस त्याने विकत घेतली होती. क्लेमांस ट्रेलरमध्ये चढायला तयार होईना, तेव्हा रोझेर तिच्यापुढे चालत आत गेला. ती मुकाट्याने मागून गेली.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "जरा बघून येतो तिला."

"जा की. लेक सासरी दिल्यासारखाच वागतोस," ओडील म्हणाली. "रिकाम्या हाताने नको जाऊ, लोक नावं ठेवतील."

तो हसला. त्यानंतर तो रविवारी जायचा, मग गुरुवारीही जाऊ लागला. परतायला उशीर व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "केंडल बोलत बसला." केंडल बोलत बसणाऱ्यांतला नव्हता, हे खोऱ्यातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. पण ओडीलने शब्द वाढवला नाही. घरात एक गाय कमी झाल्यावर दोन माणसांमध्येही काहीतरी कमी होतं. ते चाचपून बघायची तिची तयारी नव्हती.

एका दुपारी रोझेर वरच्या कुरणात कुंपणाचे खांब ठोकत होता. ओडीलने मेपलच्या पाकाची बरणी घेतली आणि ती खाली केंडलकडे गेली. गोठा कसला, विमानतळच. काळ्यापांढऱ्या गाईंच्या लांबच लांब रांगेत एकच बदामी पाठ दिसत होती. कानात पिवळा बिल्ला, अंगावर तुकतुकी. ओडीलने हाक मारली. क्लेमांसने एकदा वर बघितलं, कान हलवले आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"बरी रुळली," मागून केंडल आला. त्याने बरणी दोन्ही हातांनी घेतली. "कशाला आणलंत, मिसेस लावाले? बरं झालं आलात. रोझेरना सांगा, सोमवारी स्वतःचे बूट आणू नका. बाहेरचे बूट आम्ही आत येऊ देत नाही. इथलेच देईन."

ओडील क्लेमांसकडेच बघत राहिली. केंडलने बरणी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांनी… सांगितलं असेल ना तुम्हाला?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "कामाची पाळी कुठली म्हणाला, तेवढं विसरले बघ."

"पहाटेची. चारची."

"हं. चारचीच म्हणाला होता."

तिने लोखंडी आडव्या नळीवर हात ठेवला. थंडगार होती. पलीकडे दोन मुलं भराभर एका गाईकडून दुसरीकडे जात होती, सडांना यंत्र लावत होती, काढत होती. कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं.

"केंडल, त्याला दूध काढायला नको लावू. त्याचा खांदा तेवढा वर जात नाही. तो तुला सांगायचा नाही, मरेल पण सांगायचा नाही. वासरांकडे ठेव त्याला."

"वासरांकडे पैसे थोडे कमी—"

"असू देत. वासरं त्याच्या हातून पितात. तुझीही पितील."

"ठीक आहे," केंडल म्हणाला. मग जरा घुटमळून, "माझे वडील असते तर—"

"त्यांचं नाव त्याच्यापुढे काढू नकोस म्हणजे झालं."

ती घरी पोचली तेव्हा धारांची वेळ झाली होती. रोझेर गोठ्यात बादल्या लावत होता. गाई आपापल्या जागी उभ्या होत्या; मधली एक जागा रिकामी.

"कुठे गेली होतीस?"

"क्लेमांसकडे."

बादलीची कडी त्याच्या हातात क्षणभर तशीच राहिली. मग त्याने ती खाली सोडली.

"काय म्हणते?"

"मजेत आहे. मला काही ओळख दाखवली नाही."

"मलाही नाही दाखवत."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. रोझेरने फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं.

"केंडल काही म्हणाला?"

"पाक बघून खूश झाला."

ती त्याच्याजवळून पुढे गेली, भिंतीकडेला पंप होता तिथे. दूध काढायच्या यंत्राचा हा पंप त्यांच्या लग्नाइतका जुना. इतक्या वर्षांत तो रोझेरशिवाय कुणाचं ऐकत नसे. ओडीलने बाह्या वर सारल्या.

"हा कसा चालू करतोस, दाखव मला."

"मी आहे ना."

"आहेस. तरी दाखव."

तो जागचा हलला नाही. एका गाईने पाय बदलला, साखळी वाजली. ओडील त्याच्याकडे न बघता पंपाच्या चाकावरची धूळ तळव्याने पुसत राहिली. बऱ्याच वेळाने त्याची पावलं तिच्या मागे येऊन थांबली.

"आधी बटण नाही," तो म्हणाला. "आधी चाक हाताने फिरवायचं. अर्धा फेरा. जड लागेल. पट्टा धरतोय असं वाटलं, की मग बटण."

तिने जोर लावला. चाक हललं, पट्टा सरकला, पंप घुरघुरला आणि बंद पडला.

"पुन्हा."

दुसऱ्या खेपेला पंपाने धरलं. गोठाभर ती ओळखीची घरघर पसरली आणि गाईंनी माना वळवल्या. ओडीलने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले आणि ती बादल्यांकडे निघाली.

रोझेरने हात पुढे करून पंप बंद केला.

"अजून एकदा कर," तो म्हणाला. "सकाळी थंडीत याहून जड जातं."