वाणावरचं कमिशन

"वाण हातात ठेवलं की मागे वळून बघायचं नाही, उत्तरा. घेणारीने नको म्हणायचं नाही आणि देणारीने परत मागायचं नाही. बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढं पाळ."

सासूबाई दर संक्रांतीला हे सांगत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण सुपात तीळ घेतले की उत्तराबाईंच्या कानात तोच आवाज यायचा. सासूबाई होत्या तेव्हा ते ऐकणारी घरात आणखी एक होती. बहिणीच्या आजारपणात आठव्या वर्षी नाशिकला आणलेली भाची, वल्लरी. पाटावर बसून हलव्याचे दाणे वेचून खायची आणि विचारायची, "आजी, खरंच कुणीच नको म्हणत नाही?"

"कोण म्हणेल बाळा? सवाष्ण वाण नाकारत नाही."

वल्लरी बारावीपर्यंत त्याच घरात वाढली.

चैत्रातल्या त्या सकाळी उत्तराबाई पोथी उघडून बसल्या होत्या. अध्याय संपेपर्यंत मौन, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा नेम. दूधवाला, गॅसवाला, सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यांचे यजमान ढुंढिराज गायधनी, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, तेवढ्या वेळात पेपर वाचत आणि गमतीने म्हणत, "माझ्या संसारातला एक तास निकाली शांततेचा."

त्या दिवशी ते भाजी आणायला गेले होते. दार लोटलेलं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या सिंधुबाई चपला न काढताच आत आल्या.

उत्तराबाईंनी पोथीकडे बोट दाखवलं.

"मौन ना? बरंच झालं," सिंधुबाई म्हणाल्या. "तुम्ही बोलायला लागलात वहिनी, की माणूस विरघळतं. आज मी बोलते, तुम्ही ऐका. काल मी त्या वाणाच्या खोक्यांच्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. आमच्या नामपूरच्या पिंकीला घेऊन. माझ्या भावाची सून, माझ्या शब्दावर या फंदात पडली. चार खोके घेतले पोरीने, खाली दोघी आणल्या, आणि हातात दमडी नाही. तिथला पोरगा म्हणतो, तुमची उजवी बाजू भरली, डावी भरली नाही, दोन्हींकडे एकेक बाई बसून जोडी लागल्याशिवाय कमिशन सुटत नाही. म्हटलं, डावी कधी भरणार रे बाबा? तर म्हणे, तुमच्या वरच्या मॅडमना विचारा."

त्या थांबल्या. धाप लागली होती.

"वरच्या मॅडम कोण, ते त्याने स्क्रीनवर दाखवलं. उत्तरा ढुंढिराज गायधनी. खाली आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या एकवीस जणी, पारंब्या लोंबाव्यात तशा. आणि तुमच्या नावापुढे हिरव्या अक्षरात, कमिशन जमा. दर महिन्याचं!"

उत्तराबाईंचं बोट ओवीवर थिजलं.

"वाणावर कमिशन खाल्लंत, वहिनी? तुमच्या हातचं हळदीकुंकू लावून घेतलं आम्ही. नको वाटलं तर दारात येऊन परत घेईन, असं देवासमोर म्हणाला होतात. मी तर झेपतंय तोवर महिन्याचा खोका ओढीन. पण ती सगुणाबाई चार घरच्या पोळ्या लाटते हो! तिलासुद्धा सोडलं नाहीत?" त्यांनी डोळे पुसले. "बोला ना काहीतरी. एवढं 'खोटं आहे' म्हणा, मी तुमचे पाय धरीन."

अध्यायाच्या बावीस ओव्या बाकी होत्या. उत्तराबाईंनी हात जोडले. थांबा, असं त्यांना म्हणायचं होतं. सिंधुबाईंना ते माफी मागण्यासारखं दिसलं.

"समजलं," त्या म्हणाल्या. "चैत्रगौरीला डाळ-पन्हं करून आमची वाट बघू नका. कोणी यायचं नाही."

दार जोरात आपटलं. उत्तराबाईंनी उरलेल्या ओव्या वाचल्या, पण अर्थ एकीचाही लागला नाही. नेम मात्र पुरा झाला, आणि त्याची त्यांना जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात वल्लरी खोके घेऊन आली होती. तेल, साबण, दंतमंजन, वर चकचकीत कागद. "मावशी, यंदा वाण माझ्याकडून. दरवर्षी तू प्लास्टिकचे डबे लुटतेस, त्यापेक्षा हे बरं. सगळं आयुर्वेदिक. कंपनी पहिलं किट फुकट देते."

"फुकट कोण देतं गं?"

"ओळख व्हावी म्हणून देतात. प्रत्येकीचा फोन नंबर आणि त्यावर येणारा आकडा, एवढंच लागतं. पुढे आवडलं तर महिन्याला एक खोका घ्यायचा, म्हणजे आयडी जिवंत राहते. आपल्याखाली दोघी आणल्या की कमिशन सुरू. बायकांना घरबसल्या चार पैसे मिळतील, मावशी."

"मला त्यातलं काही नको हो. सणाच्या कामाचा एक पैसा मला नको."

"नको तर नको. पण नाव तुझं लावू या. तुझ्या नावावर बायका निर्धास्त येतात." तिने पॅन कार्डाचा फोटो काढला, एका कागदावर सही घेतली. ढुंढिराज तेवढे म्हणाले होते, "काय लिहिलंय ते वाचून तरी बघ." त्यावर उत्तराबाईच म्हणाल्या, "घरच्या पोरीचा कागद काय वाचायचा?"

हळदीकुंकवाला वल्लरी दारापाशी खुर्ची टाकून बसली. बाई आली की उत्तराबाई कुंकू लावत, तिळगूळ देत, खोका ओटीत ठेवत आणि म्हणत, "नको वाटलं तर सांगा. मी स्वतः दारात येऊन परत घेईन." मग वल्लरी गोड हसून विचारी, "काकू, मोबाइल आणलाय ना? आकडा आला का बघा बरं." सगुणाबाई खोक्याकडे बघून बिचकल्या होत्या. "ताई, मला हे महागामोलाचं नाय झेपायचं." तेव्हा उत्तराबाईच म्हणाल्या होत्या, "वाणाला नाही म्हणू नये, सगुणाबाई."

ढुंढिराज भाजी घेऊन आले तेव्हा देवापुढचं निरांजन विझलं होतं आणि उत्तराबाई पदर खोचून चपला घालत होत्या.

"कुठे?"

"वल्लीकडे. ती सांगेल काय गोंधळ झालाय. कंपनीचीच चूक असेल."

"असेल," ढुंढिराज म्हणाले, आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली.

गंगापूर रोडवरच्या नव्या फ्लॅटमध्ये वल्लरीने हसून दार उघडलं. हॉलच्या भिंतीवर तिचा फेटा बांधलेला फोटो होता, हातात कंपनीचं मानचिन्ह. पन्ह्याचा पेला पुढे करून ती म्हणाली, "बस गं. किती घामाघूम झालीस! रिक्षाने यायचं ना."

उत्तराबाईंनी सिंधुबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. "चूक झालीये ना काहीतरी? माझ्या खात्यात तर एक पैसा आला नाही."

"तुझ्या खात्यात कसा येईल? खातं माझं लावलंय."

ती हे इतक्या सहज म्हणाली की उत्तराबाईंना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"माझं नाव आणि तुझं खातं?"

"मावशी, तूच म्हणालीस ना, एक पैसा नको म्हणून? मग तो वाया घालवायचा होता का? सगळे असंच करतात. घरातल्यांच्या नावाने वर दोन-तीन आयडी लावायच्या. माझे वरचेसुद्धा माझ्यावर तसंच खातात."

"आणि या बायकांना कधी मिळणार?"

वल्लरीने नजर चुकवली. "काम केलं तर मिळेल."

"पिंकीने दोघी आणल्या की."

"त्यातली एक मी माझ्या रिकाम्या बाजूला बसवली. माझी जोडी लागत नव्हती. महिनाअखेर माझी कंपनीतली लेव्हल ठरते, मावशी, ती हुकली तर सगळं खाली येतं. पुढच्या महिन्यात बघते ना मी त्यांचं!"

"सिंधुबाईंना वाटतंय, मी खाल्लं."

"वाटू दे. चार दिवस बोलतील, मग विसरतील. तुझ्यावर चिडून चिडून किती चिडणार?" तिने उत्तराबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी चूक झाली की ठेवायची तसाच. "मी सोसायट्यांमधून फिरले, बचत गटांत बोलले, तासन्‌तास घसा कोरडा केला. दहात एक बाई हो म्हणायची. मग मला आजी आठवली. वाणाला कुणी नाही म्हणत नाही. एका दुपारी एकवीस! आमच्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या गं त्यावर. आता बाकीचे पण हळदीकुंकवं करायला लागलेत."

फसवणूक करताना पोरीने जराही शोधाशोध केली नव्हती. आपल्याच घरात, आपल्याच हातांनी जे तिला वाढलं, तेच तिने उचलून नेलं होतं.

"सासूबाईंचं ऐकायला तू पाटावर बसायचीस," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, पोरीला सणाची आवड आहे."

"मावशी, असं नको ना बोलू. तू कुणाला काही सांगणार नाहीस, एवढं वचन दे. एकतीस तारखेपर्यंत. मी तुझीच आहे ना?"

"आहेस," उत्तराबाई म्हणाल्या. "पण वचन मी आधी दुसरीकडे देऊन बसलेय." पेला तसाच भरलेला ठेवून त्या उठल्या.

संध्याकाळी ढुंढिराजांनी ऐकून घेतलं. "मी म्हणालो होतो," हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं, पण त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. मग लांब कागद काढला आणि चाळीस वर्षं कोर्टात लिहीत आले तशा वळणदार अक्षरांत उत्तराबाईंच्या वतीने मजकूर उतरवला. माझ्या नावाची आयडी असली तरी तिला जोडलेलं खातं माझं नाही. सदर कमिशन मला मिळालेलं नाही. हळदीकुंकवाच्या निमित्ताने घेतलेली नोंदणी कशासाठी आहे, हे बायकांना स्पष्ट सांगितलं गेलं नव्हतं.

"हा कागद हातात असला की त्यांना ग्राहक मंचात जाता येईल, पोलिसांतही. तुलाही बोलावतील, तयारी ठेव." त्यांनी पेन पुढे केलं. "खातं कुणाचं, ती जागा मी कोरी ठेवलीये. तुझं तू लिही."

उत्तराबाईंनी पेन घेतलं. आठ वर्षांच्या मुलीच्या वेण्या घातलेले हात होते ते. मग त्यांनी वल्लरीचं पूर्ण नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट.

"नातं लिहायचं?" ढुंढिराजांनी विचारलं.

"लिहा. सख्खी भाची. लपवायचं काय त्यात?"

कोपऱ्यावरच्या दुकानात एकवीस प्रती निघाल्या. प्रत्येकीवर उत्तराबाईंनी स्वतंत्र सही केली.

दुसऱ्या दिवशी अध्याय त्यांनी पहाटेच वाचून संपवला. सासूबाईंच्या फोटोला फूल वाहिलं. देणारीने परत मागायचं नाही. "हे वाण नव्हतं, आई," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा कळलं नाही."

कापडी पिशवी रिकामीच घेतली, खोके परत आणायला. हळदीकुंकवाचा करंडा तिच्या तळाशी ठेवला, वर कागद.

"मी येऊ का?" ढुंढिराज म्हणाले. "सिंधुबाई समोरच आहेत, तिथून सुरुवात कर. जवळ पडेल."

"त्यांच्याकडे शेवटी जाईन. त्या मला शिव्या देऊन मोकळ्या झाल्यात. सगुणाबाई नाही झाल्या. मला बघून अजून हसतात, परवाच बाजारात हसल्या." त्यांनी चपला घातल्या. "तुम्ही नका येऊ. दोघं दिसलो की त्या चहा टाकायला धावतील."

जिना उतरताना शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं आणि आत झालं. उत्तराबाईंनी पिशवी खांद्यावर नीट घेतली, आणि पेठ रोडला जाणारी रिक्षा भरायची वाट न बघता चालू लागल्या. सगुणाबाई साडेआठला कामावर निघतात. त्याआधी दारात पोचायला हवं होतं.